खिडकी कोण उघडते?

मित्रहो, हुकूमत गाजवणाऱ्या नायकांच्या प्रेमकथांचा किशोरवयीन वाचकांवर काय परिणाम होतो, हा आजचा विषय. प्रेमकथांमध्ये असा नायक असूच नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. एमिली ब्राँटे यांच्या १८४७ सालच्या ‘वुदरिंग हाइट्स’मधला हीथक्लिफ क्रूर आहे, पण त्याची पत्नी इझाबेला त्याला प्रेमकथेतला नायक समजून बसली, म्हणून तो तिची उघड हेटाळणी करतो आणि त्या भ्रमाची किंमत वाचकाला स्वच्छ दिसते. माझी तक्रार नायकाबद्दल नाही, निवेदनाबद्दल आहे. त्याच्या वागण्याचा अर्थ वाचकाला कोण सांगते, हा माझा प्रश्न आहे.

यासाठी मी नेहमी एकच प्रसंग सांगते आणि तो सविस्तर सांगते. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ कादंबरीमालिकेतला तिसरा भाग, ‘एक्लिप्स’, २००७ साली आला. त्यात नायिका बेला जेकब या मित्राला भेटायला निघते. ट्रकमध्ये बसून किल्ली फिरवते, तर इंजिन ढिम्म. तेवढ्यात तिचा प्रियकर एडवर्ड शेजारी बसलेला दिसतो. तिने जाऊ नये म्हणून त्यानेच इंजिनाचा एक भाग काढून घेतलेला असतो. बेला संतापते. ‘आज रात्री मी यायला नको असेन, तर खिडकी बंद कर,’ असे तो शांतपणे सांगतो. ती घरात जाऊन खिडकी आपटून बंद करते, काही वेळ त्या काचेकडे पाहत राहते आणि मग तीच खिडकी स्वतःच्या हाताने सताड उघडते.

एका वाचनवर्गात यावर चर्चा चालू असताना एक मुलगी म्हणाली, “पण तो तिच्यावर ओरडला कुठे?” तिचे निरीक्षण अचूक होते. नियंत्रणाला आवाज चढवावा लागतोच असे नाही. शिवाय जेकब लांडग्याचे रूप घेणारा असल्यामुळे कथेत धोका खरा असतो. म्हणजे नायकाच्या हाती बिनतोड सबब आधीच दिलेली असते. पुढे एडवर्ड आपला हट्ट सोडतो, हेही सांगायला हवे. परंतु तोवर बेलाचा रास्त संताप विरघळलेला असतो आणि निवेदन तिच्याच तोंडून असल्यामुळे वाचणारी मुलगीही तिच्याबरोबर ती खिडकी उघडते. प्रत्यक्षात फोनचा पासवर्ड मागणाऱ्या मुलाजवळ लांडग्याची सबब नसते, पण ‘तुझ्या काळजीपोटी’ हे शब्द मात्र तेच असतात.

वेळ संपत आल्याची खूण मला केली जात आहे, तेव्हा किशोरवयीन वाचकांवरील परिणाम, जो खरे तर आजचा विषय होता, आता भराभर मांडते. एखादी कादंबरी वाचून कोणी थेट जाचात अडकत नाही आणि मुले वाचतात ते सगळे खरेही मानत नाहीत. मात्र ज्यांना प्रेमाचा स्वतःचा अनुभव अजून आलेला नाही, त्यांना मापे कथेतूनच मिळतात: मत्सर म्हणजे प्रेमाची खोली, नकारानंतरचा पाठलाग म्हणजे निष्ठा, मैत्रिणी सुटणे म्हणजे एकरूपता. समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्येच, म्हणजे ‘एक्लिप्स’च्याच वर्षी, जोडीदारावर नियंत्रण ठेवणाऱ्या अशा वागणुकीचे स्वातंत्र्य हिरावून घेणारी पद्धत म्हणून विवेचन केले. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने जोडीदारावर असे सातत्याने नियंत्रण ठेवणे हा गुन्हा ठरला आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून पुस्तके हिसकावून घेऊ नका. हिसकावलेले पुस्तक पांघरुणाखाली वाचले जाते आणि मग त्यावर बोलणेच खुंटते. त्याऐवजी सोबत वाचा आणि विचारा: ती ‘नाही’ म्हणाल्यावर पुढच्या पानावर काय घडते? तो आयुष्यात आल्यापासून तिचे कोणाकोणाला भेटणे बंद झाले? हे प्रश्न मुलग्यांनाही विचारा, कारण नायकाने कसे वागायचे हे तेही अशाच कथांतून शिकत असतात आणि त्यांच्याशी याविषयी सहसा कोणीच बोलत नाही.