पुळणीच्या अलीकडे थांबणारी गाडी

[दृश्य : बेलापूरजवळच्या दिवाळे गावची जेट्टी. ओहोटी लागली आहे आणि होड्या चिखलात कलंडल्या आहेत.]

नवी मुंबईहून कोकणातल्या एखाद्या आडबाजूच्या पुळणीवर मुक्कामाला आणि मासे गरवायला जायचे ठरले, की चर्चा बहुधा गाडीपासून सुरू होते. थार बरी की जिम्नी, की गुरखाच घ्यावी, टायर कोणते असावेत, टपावर सामान किती बसेल, यांतच संध्याकाळ सरते. नेरूळच्या ज्या चार मित्रांची तयारी आपण पाहणार आहोत, त्यांनी मात्र पहिल्या दिवशी पंचांग उघडले. आमच्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी, कारण किनाऱ्यावर कधी पोहोचायचे, तंबू कुठे ठोकायचा, गळ केव्हा टाकायचा आणि गाडी कुठे थांबवायची, हे सारे भरती-ओहोटीवर ठरते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बाणकोटच्या खाडीपासून दक्षिणेकडे वेळास, केळशी, आंजर्ले असा किनारा पसरलेला आहे. मध्ये लहान खाड्या, त्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे, दोन पुळणींच्या मध्ये काळ्या खडपांचे सुळके आणि मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, असे त्याचे रूप आहे. या पट्ट्यातल्या एका लहान गावी चौघांचा दोन रात्रींचा मुक्काम ठरला आहे. गावाचे नाव या निवेदनात आम्ही मुद्दाम घेत नाही, कारण चारच गाड्या मावतील एवढी जागा असलेल्या गावात एका चित्रफितीमुळे चाळीस गाड्या आल्या, तर त्याचा त्रास तिथल्या लोकांनाच सोसावा लागतो.

[दृश्य : जेट्टीच्या कठड्यावर बसलेले एक वयस्कर कोळी, शेजारी दोन तरुण. हातांच्या बोटांचे जवळून चित्रण.]

दिवाळे गावच्या कोळीवाड्यातले हे काका आयुष्यभर दर्यावर गेलेले आहेत. भरतीची वेळ काढायला त्यांना मोबाइल लागत नाही. अंगठ्याने बोटांची पेरे मोजत ते म्हणतात, ‘‘दशमी घे पोरा. दहाचं पाऊणपट किती? साडेसात. सकाळी साडेसातला पाणी भरणार आणि संध्याकाळी साडेसातलाही भरणार.’’ तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ साधारण हाती येते, हे गणित कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जुळतो. अर्थात तो ढोबळ असतो. मिनिटांचा नेमकेपणा आणि पाण्याची उंची यांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत आणि त्यांत आपल्या किनाऱ्याला जवळचे बंदर निवडावे.

काकांनी दशमी उगाच सांगितली नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकाच रेषेत येते, त्यामुळे उधाण येते. पाणी खूप वर चढते आणि तितकेच दूर ओसरते. अष्टमीच्या सुमारास या दोन ओढी एकमेकींना काटकोनात असतात, त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत चढउतार सर्वांत कमी होतो, आणि त्याला भांग म्हणतात. उधाणाच्या जोरदार पाण्यात मासा खाडीच्या मुखाशी अधिक फिरतो, म्हणून अनेक अनुभवी गरवणारे उधाणाचेच दिवस धरतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु अनोळखी किनारा, उघड्यावरचा मुक्काम आणि सोबत गाड्या असताना आम्ही भांगाच्या बाजूने कौल देतो. नवमी-दशमीला भरती सकाळी पावणेसात ते साडेसात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच सुमारास पूर्ण होते, म्हणजे पहाट आणि तिन्हीसांज या मासा किनाऱ्याजवळ येण्याच्या दोन्ही वेळा चढत्या पाण्यात सापडतात. पाण्याचा जोर थोडा कमी मिळाला, तरी वेळ उत्तम मिळते. त्यातही शुद्ध पक्षातली दशमी साधली तर संध्याकाळी चंद्र डोक्यावर असतो आणि विजेऱ्या फारशा पेटवाव्या लागत नाहीत. पुढे कासवांचा विषय येईल, तेव्हा याचे महत्त्व लक्षात येईल.

थंडीतल्या उधाणाची एक गोष्ट शहरातून जाणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. मुंबई-कोकण किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यातल्या उधाणात दुपारची भरती मोठी असते, तर हिवाळ्यातल्या उधाणात मध्यरात्रीची. दुपारचे पाणी कुठवर आले हे पाहून ज्याने तंबू ठोकला, त्याच्या अंथरुणाशी रात्री लाट येऊ शकते. म्हणून भांगाचे दिवस असले तरी, वाळलेले शेवाळ, काटक्या आणि शिंपले यांची जी सर्वांत वरची रेघ पुळणीवर उमटलेली असते, तिच्याही बरेच वर, मागच्या बाजूला मुक्काम करावा.

[दृश्य : नेरूळमधल्या एका इमारतीचे वाहनतळ. दोन गाड्या, जमिनीवर मांडलेले सामान.]

आता गाड्यांकडे वळू. चौघे दोन गाड्या नेत आहेत, आणि तो निर्णय आम्हाला पटतो, कारण एक रुतली तर दुसरी तिला ओढू शकते. परंतु या गाड्या वाळूवर उतरणार नाहीत. चार चाकांना ताकद देणारी गाडी पुळणीवर दौडत असल्याचे जे चित्र जाहिरातींनी मनात बसवले आहे, ते आपल्या किनाऱ्यावर चुकीचे आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणू इच्छितो. महाराष्ट्रातल्या अनेक किनाऱ्यांवर वाहने नेण्यास मनाई आहे आणि तसे फलकही लावलेले असतात. त्याहून मोठे कारण वाळूखाली आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री पुळणीवर येते, दीड-दोन फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू सारखी करून समुद्रात परतते. वरून पाहणाऱ्याला तिथे काही आहे, याची कल्पनाही येत नाही. टायरने ती वाळू दाबली गेली तर घरट्याचे नुकसान होते, आणि चाकोरीचा खोल चर पडला तर बाहेर आलेली तळहाताहून लहान पिल्ले त्यात अडकून पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ही घरटी राखली आणि त्यातून किनाऱ्यावरच्या इतर गावांतही संवर्धनाचे काम रुजले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचा समावेश आहे. ज्या किनाऱ्यावर आपण पाहुणे म्हणून जातो, तिथे गावाने इतकी वर्षे जपलेल्या गोष्टीवरून गाडी नेणे कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही.

शिवाय ओली वाळू फसवी असते. लाटेने नुकतीच चोपलेली पट्टी डांबरी रस्त्यासारखी टणक दिसते, पण खाडीच्या मुखाजवळ तिच्याखाली पाणी खेळत असते आणि गाडीचे वजन पडताच ती सुटते. चाक फिरवत राहिले की ते आणखी खाली जाते, आणि पोट वाळूला टेकले की गाडीची ताकद निरुपयोगी होते. त्यानंतर भरतीचा वेग समजून घ्यावा. साधारण सहा तासांत चढणारे पाणी बारा हिश्शांत विभागले, तर पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे अर्धी भरती मधल्या दोनच तासांत होते. सपाट पुळणीवर फूटभर पाणी चढले तरी ते आडवे कितीतरी पुढे सरकते, आणि खारे पाणी इंजिनात व वायरिंगमध्ये शिरल्यावर गाडी बाहेर काढूनही फारसे काही वाचत नाही.

मग अशा गाडीचा उपयोग काय, हा प्रश्न योग्य आहे. गावाच्या मुख्य रस्त्यापासून वाडीपर्यंतचा शेवटचा टप्पा जांभ्या दगडाच्या, पावसाने खणून काढलेल्या उताराचा आहे आणि त्याच्या तळाशी पाणंदीत वाऱ्याने आणलेली भुसभुशीत वाळू साचलेली असते. तिथे फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर, घालून, ब्रेकवर न विसंबता इंजिनाच्या आधाराने सावकाश उतरायचे आणि परतताना सामानासह न घसरता चढायचे, यासाठी ही गाडी हवी.

[दृश्य : टायरच्या व्हॉल्व्हवर दाबलेले टोक. दाबमापकाच्या काट्याचे जवळून चित्रण, हवा सुटल्याचा आवाज.]

तयारी म्हणून टायरची हवा कमी करण्याचा सराव चौघे घरीच करत आहेत. काटा बत्तिसावर आहे. हवा फुसफुसत सुटते, टायरची बाजू किंचित फुगते आणि जमिनीला टेकलेला भाग लांबट होत जातो. वीस पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) ते थांबतात. जमिनीला टेकलेला भाग वाढल्याने वजन पसरते, म्हणून मऊ वाळूत चाक कमी रुतते आणि खडबडीत दगडांवर धक्केही कमी बसतात. परंतु महामार्गावर परतण्याआधी ही हवा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फाटू शकतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर दोन्ही गाड्यांत एकेक ठेवला आहे. सोबत फावडे, चाकाखाली सरकवायच्या खाचदार फळ्या, ताणला जाणारा दोर आणि तो अडकवायच्या लोखंडी कड्या, म्हणजे शॅकल, आहेत. दोर नेहमी सांगाड्याला जोडलेल्या हुकालाच अडकवायचा, बंपरला किंवा मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला कधीही नाही. दोरावर जाड घोंगडी टाकायची आणि ओढताना सर्वांनी दोराच्या लांबीहून दूर उभे राहायचे, कारण तुटलेला दोर किंवा निसटलेला लोखंडी तुकडा जीवघेणा ठरतो.

मुक्कामाची जागा फोनवर ठरली आहे. सुरूच्या बनात किंवा वाळूच्या टेकड्यांवर तंबू न ठोकता, वाडीच्या मालकीणबाईंची परवानगी घेऊन त्यांच्या कुंपणाच्या आत, विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत दोन तंबू लागतील. बाईंनी दोन अटी घातल्या : चूल विहिरीच्या कट्ट्याजवळच पेटवायची आणि नारळाखाली कुणी झोपायचे नाही. दोन्ही अटी रास्त आहेत. सुरूची वाळलेली पाने ठिणगीने पेट घेतात, आणि 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात झाडे गमावलेल्या या पट्ट्यात उरलेल्या प्रत्येक झाडाची काळजी गाव करते.

गरवण्याच्या सामानात अकरा-बारा फुटी काठी, रीळ, शिसे, वेगवेगळ्या मापांचे गळ आणि काठी वाळूत उभी ठेवायला प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे आहेत. आमिषासाठी कोळंबी, माकूल आणि तारली गावातच मिळतील. ओहोटीला पुळण नीट चालून पाहायची, खडपांच्या कडेला चर कुठे आहेत, खाडीचे पाणी कोणत्या बाजूने वाहते, हे लक्षात ठेवायचे, आणि भरतीला त्याच चरांत गळ टाकायचा, अशी पद्धत ठरली आहे. वाळूवर मुडदुशी, खडपाजवळ तांबोशी आणि खाडीच्या मुखाशी नशीब असेल तर जिताडा, अशी आशा आहे. शिंगाळा लागला तर तो उघड्या हाताने धरू नये. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवर घासत चालावे, म्हणजे वाळूत दबलेले पाकट, हा शेपटीला काटा असलेला चपटा मासा, आधीच बाजूला होते. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरून ठेवावी आणि दवाखाना गाठावा. कालवांनी भरलेल्या खडपांवर अनवाणी जाऊ नये, आणि गावच्या बायका जिथे कालवे फोडत किंवा तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) वेचत असतील, तिथे आपले गळ नेऊ नयेत. ते त्यांचे रोजचे उत्पन्न आहे.

महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार निश्चित केला. तो निर्णय व्यावसायिक मासेमारी डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला असला, तरी हौसेने गरवणाऱ्यानेही लहान मासा ओल्या हाताने धरून परत सोडावा, असे आम्हाला मनापासून वाटते. जेवणापुरता मासा मिळाला की काठ्या गुंडाळायच्या, हे चौघांनी निघण्यापूर्वीच ठरवले आहे. रात्री पुळणीवर मोठे दिवे लावायचे नाहीत, कारण पिल्ले उजेडाकडे वळतात आणि वाट चुकतात. फार तर लाल काच लावलेली एक विजेरी पुरेल.

[दृश्य : कागदावर पेन्सिलने लिहिलेल्या वेळा.]

वेळापत्रक शेवटाकडून मागे मोजत आले आहे. नवमीला ओहोटी दुपारी एकच्या सुमारास पूर्ण होते, म्हणून अकरापर्यंत वाडीत पोहोचायला हवे. नेरूळहून पनवेल, पेण, कोलाड, माणगाव, पुढे म्हसळ्यावरून बागमांडला आणि तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून वेसवी, असा दोनशे किलोमीटरच्या आसपासचा मार्ग आहे. फेरीबोटीची रांग आणि शेवटचा उतार धरून पहाटे चार वाजता निघायचे. इंधनाची टाकी माणगावला भरायची. पिण्याचे पाणी चाळीस लिटर बरोबर घ्यायचे, कारण विहिरीचे पाणी मिळाले तरी पहिल्याच दिवशी यजमानांवर भार नको. मोबाइलचे जाळे सगळीकडे नसल्याने दोन दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून दोन्ही गाड्यांत चिकटवले आहेत : सागरी पोलिसांचा 1093 आणि तटरक्षक दलाचा 1554.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांचा अंदाज पाहायचा आहे. दूरच्या वादळातून आलेल्या उंच लाटा स्वच्छ आकाशाखालीही किनाऱ्यावर आदळू शकतात, हे त्याशिवाय कळत नाही. तसा इशारा असला तर सहल पुढच्या पंधरवड्यातल्या नवमीवर जाईल, आणि वाडीच्या मालकीणबाईंनाही ती तारीख आजच कळवून ठेवली आहे.