चियापासला जाताय? आधी फोन खिशात घाला!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट्स एकच: "ताई, चामुलाच्या चर्चमधलं फुटेज कुठंय?" नाहीये. घेतलंच नाही.

आधी भूगोल, पटकन. चियापास म्हणजे मेक्सिकोच्या दक्षिण टोकाचं राज्य, ग्वाटेमालाला खेटून. राजधानी तुस्त्ला, सखल भागात, घामाघूम करणारी. जवळच सुमिदेरोची घळ. बोटीतून मान वर केली की जवळपास 1000 मीटरचे उभे कडे. आणि वर डोंगरात सान क्रिस्तोबाल शहर, स्पॅनिशांनी 1528 मध्ये वसवलेलं, उंची 2200 मीटर. मी जंगलाच्या नादात नुसते कॉटनचे कुर्ते नेले, आणि पहिल्याच संध्याकाळी कुडकुडत बाजारातून लोकरीची शाल उचलली. स्वेटर न्या, बास.

आता चामुला. सान क्रिस्तोबालपासून थोड्याच अंतरावरचं त्सोत्सिल लोकांचं गाव. चर्चमध्ये बाकं नाहीत. फरशीवर पाइनच्या हिरव्या सुया पसरलेल्या, पाय सरकतो. बायका सुया बाजूला सारून फरशीवर मेणबत्त्या चिकटवतात, ओळीनं. कोपालचा (धुपासारखा डिंक) धूर, कोंबडी, कोकच्या बाटल्या, आणि पुटपुटल्यासारखी त्सोत्सिल प्रार्थना. इथं फोटोला सक्त मनाई.

"पण तिकीट काढलंय ना?" अहो, ते आत यायचं तिकीट. फोटोचं नव्हे.

"लांबून झूम करून?" समोर एक बाई आजारी लेकराला घेऊन बसलीय, शेजारी बरं करणारी वैदू. झूम केलं म्हणून ते खासगी राहतं का?

"ब्लॉगसाठी एकच!" आपल्याकडे गाभाऱ्यात मोबाइल काढला तर पुजारी काय करतात? तेच. मी फक्त वेळ बघायला फोन काढला, तर पांढऱ्या लोकरी अंगरख्यातले एक काका थेट समोर उभे. शब्द एकही नाही, नुसता हात. फोन आत! लाज वाटली हो.

आणि ती दुसरी कमेंट: "माया लोक तर नाहीसे झाले ना?" अरे, त्सोत्सिल मायाच की! त्सेलताल, चोलही माया भाषा, आणि आजही लाखो लोक त्या घरात बोलतात. ओस पडली ती चियापासमधल्या पालेंकेसारखी जुनी माया शहरं. तिथला राजा पाकाल 12 व्या वर्षी गादीवर बसला, इ.स. 683 मध्ये 80 वर्षांचा होऊन गेला. त्याची कबर 1952 मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुझ यांनी पिरॅमिडच्या पोटात शोधली. शवपेटीच्या झाकणावर तो अंतराळयान चालवतोय म्हणणाऱ्यांनो, तुमच्या 40 कमेंट्स वाचल्यात. तो पाताळात उतरतोय आणि वर पाताळ आणि आकाश जोडणारा विश्ववृक्ष आहे. यान नाही.

चामुलाच्या बायकांचे ते काळे केसाळ लोकरी स्कर्ट दिसले ना बाजारात? ते विणताना बघायला मिळालं, आणि त्या आजींनी शूट करायला स्वतःहून होकार दिला. ते फुटेज आहे. लावते, बघा.