फवारणी पंपाची बॅटरी आणि मोर्स कोड

आधी हा आवाज ऐका. डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. मोर्स कोडात, म्हणजे टिंब-रेघांच्या आवाजातून अक्षरं पाठवायच्या पद्धतीत, हे झालं सीक्यू, म्हणजे कोणी आहे का तिकडं, असाल तर उत्तर द्या. हे शेत आर्वी तालुक्यातलं, जिल्हा वर्धा, रात्रीचे साडेनऊ झालेत आणि आत्ताच लाइन गेली म्हणून आम्ही खुश आहोत. खरंच सांगतो, लाइन असली की गावातले एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर मिळून रेडिओत इतकी खरखर करतात की बारीक सिग्नल त्यात बुडूनच जातो.

तर प्रश्न असा, की हॅम रेडिओचं, म्हणजे छंद म्हणून स्वतःच्या सेटवरून दूरच्या लोकांशी बोलायचं, लायसन्स पाहिजे असेल तर मोर्स कोड यायलाच पाहिजे का? पूर्वी 30 मेगाहर्ट्झच्या खालच्या बँडवर, म्हणजे जिथून दूर देशी बोलता येतं तिथं, जगभर हीच अट होती. 2003 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत ती अट काढली आणि ज्या त्या देशावर सोडलं, ब्रिटननं त्याच वर्षी मोर्स सोडला, अमेरिकेनं 2007 मध्ये. मी परीक्षा दिली तेव्हा आपल्याकडे रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे खालच्या लायसन्सला, मोर्स नव्हता, पण वरच्या जनरल ग्रेडला मिनिटाला 8 शब्द होते, ऐकायचेही आणि पाठवायचेही.

मिनिटाला 8 शब्द ऐकायला काहीच वाटत नाही, पण शिकवणार कोण? शहरात क्लब असतो, सीनियर लोक असतात. आमच्याकडे थिअरीचं पुस्तक झेरॉक्स करून मिळालं, पण कान झेरॉक्स करून मिळत नाही ना. माझ्यासोबत तयारी करणारे दोघं हुशार होते, इलेक्ट्रॉनिक्स माझ्यापेक्षा चांगलं यायचं त्यांना, आणि ते मोर्सपाशीच थांबले ते थांबलेच. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून माझं मत पक्कं आहे, सक्ती नको.

मला शिकवलं शेजारच्या गावातल्या एका रिटायर हवालदार काकांनी, आर्मीत सिग्नल्सला होते. मी वहीत टिंब आणि रेघांचा तक्ता पाठ करून गेलो तर त्यांनी वही बंदच केली, म्हणाले, "डोयानं नोको शिकू बाप्पा, कानानं शिक." मग पितळेच्या गडव्यावर चमच्यानं ठोकून दाखवायचे. रेघ टिंबाच्या तिप्पट लांब, दोन अक्षरांमधी तीन टिंबांएवढं थांबायचं, दोन शब्दांमधी सात. आमच्या भागात तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची सवय असते, ठेका अंगात असतो, आणि मोर्स म्हणजे ठेकाच आहे, टिंबं मोजायला बसलात की अडकलात.

आता सक्ती नको म्हणणारा माणूस पोरांना मोर्सच का शिकवतो? हा सेट बघा. जेवणाच्या डब्यात मावेल एवढा, फक्त मोर्सचा, सुटे पार्ट आणून टेबलावर जोडलेला, पॉवर 5 वॅट. त्याला लावलेली बॅटरी फवारणी पंपाची आहे, 12 व्होल्टची. आणि अँटेना म्हणजे लिंबापासून विहिरीवरच्या बल्लीपर्यंत ताणलेली वीस मीटर वायर, मधी कापून केबल जोडली, झालं. 40 मीटर बँडला, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या आसपास, एवढं पुरतं. बोलायला जवळपास अडीच हजार हर्ट्झ रुंदीची जागा लागते, मोर्सला दीडशेच्या आसपास, म्हणजे तेवढीच ताकद एका बारीक धारेत जाते आणि आवाज जिथं खरखरीत विरतो तिथं ही धार पोचते. बोलायचा चांगला सेट या पोरांच्या घरच्यांना परवडणारा नाही, हा परवडतो. ज्याला मोर्सची खरी गरज त्यालाच मोर्सची अट बाहेर ठेवत होती, माझी तक्रार एवढीच आहे.

काहीजण म्हणतात आणीबाणीत मोर्सच कामी येतो. तेवढं खरं नाही. 2004 च्या त्सुनामीत भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला होत्या, हॅम रेडिओसाठीच गेल्या होत्या, फोन बंद पडल्यावर त्यांच्या रेडिओवरून निरोप बाहेर गेले, आणि ते काम माइकवर बोलून झालं. कमजोर सिग्नलसाठी आता एफटी-एट ही डिजिटल पद्धत पण आहे, 2017 पासून, फक्त त्याला कॉम्प्युटर लागतो, इथं मात्र कान आणि पेन्सिल पुरते.

हा पोरगा नववीत आहे, अजून लायसन्स नाही, म्हणून फक्त ऐकतो. बघा, कान सेटला लावून लिहितोय, समोरचा आपलं गाव सांगतोय. सी, एच, मग रिकामी जागा, मग एन, एन, ए, आय. माझ्याकडं बघून म्हणतो, "काका, मधी एक सुटलं." सुटलेलं अक्षर ई होतं, ई म्हणजे एकच टिंब, सगळ्यात लहान. मी सांगितलं नाही. त्यानं कागद दोनदा वाचला आणि स्वतःच ई भरला. चेन्नई.

तेवढ्यात बांधावरून त्याच्या बापाचा आवाज आला, "बॅटरी सकाळी सहाच्या आत पंपाले लावजो रे, पऱ्हाटीवर फवारा माराचा हाय."