अल्बुकर्कीला बर्गर कुठून येणार?

[दृश्य: अल्बुकर्की, सेंट्रल अव्हेन्यू. जुन्या रूट ६६ वरच्या निऑन पाट्या]

निवेदन:

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं सर्वांत मोठं शहर अल्बुकर्की. वस्ती साडेपाच लाखांच्या वर. या शहरात बरीच वर्षं एक प्रश्न अधूनमधून डोकं वर काढतो: इन-एन-आउट आपल्याकडे कधी येणार?

प्रश्न रास्तच आहे. पश्चिमेला ॲरिझोनात ही बर्गरची साखळी आहे, पूर्वेला टेक्सासात आहे, उत्तरेला कोलोरॅडोत आहे. मधलं न्यू मेक्सिको तेवढं सुटलं. २०२३ मध्ये कंपनीने सांगितलं, की २०२७ पर्यंत या राज्यात येण्याचा विचार आहे. तेवढ्यानेही इथल्या लोकांना केवढा आनंद झाला.

पण तीन बाजूंनी येऊन ठेपलेली कंपनी चौथं पाऊल टाकायला इतका वेळ का घेते? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

[दृश्य: बाल्डविन पार्क, कॅलिफोर्निया. पहिल्या दुकानाची प्रतिकृती]

१९४८ साली हॅरी आणि एस्थर स्नायडर या जोडप्याने लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्कमध्ये एक टपरीवजा दुकान काढलं. लांबी दहा फूट, रुंदी दहा फूट. त्या काळी गाडीत बसून खायचं म्हटलं की ऑर्डर घ्यायला पोरगा किंवा पोरगी गाडीपाशी यायची. हॅरीने तिथे बोलायचा आणि ऐकायचा स्पीकर बसवला. गाडी आत आली, ऑर्डर दिली, खाणं घेतलं, गाडी बाहेर. हॅरी पहाटे बाजारात जाऊन ताजं मांस आणि भाजी घेऊन यायचा, एस्थर हिशेब ठेवायची.

धंद्याची ही रीत पुढे नियमच झाली. मांस गोठवायचं नाही. दुकानात फ्रीझर नाही, मायक्रोवेव्ह नाही, तयार खाणं गरम ठेवणारे दिवे नाहीत, असं कंपनी आजही सांगते. बटाटे दुकानातच, गिऱ्हाइकासमोर, दांड्याच्या यंत्रातून दाबून कापले जातात. बर्गरच्या पॅटी मात्र दुकानात होत नाहीत. त्या कंपनीच्या स्वतःच्या मोजक्या कारखान्यांत होतात आणि तिथून थंड ट्रकमधून ताज्याच दुकानांत पोचतात.

आता गोठवायचं नाही म्हटल्यावर ट्रक किती लांब जाऊ शकतो? जास्तीत जास्त एक दिवस. म्हणून ही कंपनी शहर निवडताना आधी रस्ता पाहते. गिऱ्हाईक किती, जागेचं भाडं किती, हे सगळं नंतर. कॅलिफोर्नियाबाहेरचं पहिलं दुकान लास वेगासमध्ये निघालं ते १९९२ साली. म्हणजे ४४ वर्षं ही मंडळी एकाच राज्यात होती. ॲरिझोना २००० साली, युटा २००८ साली. प्रत्येक वेळी शेजारचं दार.

[दृश्य: फ्रिस्को, टेक्सास. उपनगरातला रस्ता, दुकानांची रांग]

टेक्सासला ही रीत पुरेना. कॅलिफोर्नियातून तिथवर ताजी पॅटी पोचणं शक्यच नव्हतं. मग कंपनीने डॅलसमध्ये नवा कारखाना उभारला आणि २०११ च्या मे महिन्यात डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को आणि ॲलन इथे दुकानं उघडली. ही नावं मराठी घरांत अनोळखी नाहीत. या उपनगरांत आपली कितीतरी कुटुंबं स्थायिक आहेत. त्यांतल्या शाकाहारी मंडळींना इन-एन-आउटच्या फलकावर न लिहिलेला एक पदार्थ चांगला ठाऊक असतो: ग्रिल्ड चीज. पॅटी नाही, पाव, वितळलेलं चीज, टोमॅटो, लेट्यूस, कांदा आणि त्यांचा तो गुलाबीसर सॉस. ‘कांदा भाजून द्या’ म्हटलं तर भाजून देतात.

कोलोरॅडोतही तेच झालं. आधी कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये पॅटीचा कारखाना आणि कोठार, मग दुकानं. २०२० च्या नोव्हेंबरात तिथे आणि ऑरोरा शहरात पहिली दुकानं उघडली, तेव्हा ऑरोरात गाड्यांना बारा तासांहून अधिक ताटकळावं लागलं. रांगेच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. मला मात्र त्या बातम्यांपेक्षा कारखान्याची जागा महत्त्वाची वाटते. कोलोरॅडो स्प्रिंग्ज आंतरराज्य महामार्ग २५ वर आहे, आणि हाच महामार्ग सरळ दक्षिणेला उतरत अल्बुकर्कीत येतो.

[दृश्य: नकाशा. महामार्ग २५ वरून खाली सरकणारी रेघ]

अंतर साधारण ६१० किलोमीटर. मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्याहून कमी. सहा तासांचा प्रवास. डॅलस याहून खूप लांब, हजार किलोमीटरच्या पुढे. बाल्डविन पार्क तर साडेबाराशेच्या आसपास. त्यामुळे उत्तरेचा रस्ता सोयीचा वाटतो. पण मध्ये रटॉनची खिंड आहे. दोन राज्यांच्या सीमेवरची ही खिंड सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात बर्फाचं वादळ आलं की इथली वाहतूक बंद होते. गोठवलेल्या मालाचा ट्रक एक रात्र अडकला तर बिघडत नाही. ताज्या पॅटीच्या ट्रकला मात्र प्रत्येक तास महागात पडतो, आणि पुढच्या दुकानात मागची शिल्लक काढायला फ्रीझरही नाही.

अंतराइतकीच दुसरी अडचण माणसांची. इन-एन-आउट फ्रँचायझी देत नाही. अल्बुकर्कीतला एखादा धनिक पैसे घेऊन गेला तरी त्याला दुकान मिळणार नाही. प्रत्येक दुकान कंपनीचं, आणि कंपनी आजही स्नायडर घराण्याची. हॅरी आणि एस्थरची नात लिन्सी स्नायडर २०१० पासून अध्यक्ष आहे. व्यवस्थापक बहुतेक आतूनच वर आलेले, बटाटे कापण्यापासून सुरुवात केलेले. त्यांना शिकवायला १९८४ सालीच कंपनीने स्वतःचं प्रशिक्षण केंद्र काढलं. नवं शहर म्हणजे अशा मुरलेल्या माणसांनी बिऱ्हाड हलवायचं.

ही सावधगिरी मला पटते. २०२४ च्या मार्चमध्ये कंपनीने कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधलं दुकान गुन्हेगारीमुळे बंद केलं. पंचाहत्तर वर्षांत बंद केलेलं ते पहिलं दुकान. उघडण्याआधी इतका विचार झाला, की मिटवायची वेळ एवढी उशिरा येते.

[दृश्य: ऑगस्टअखेर. दुकानाबाहेरच्या मोकळ्या जागेत मिरची भाजणारं पिंप]

आता शहराच्या बाजूने पाहू. कारण अल्बुकर्की काही कोरी पाटी नाही.

ऑगस्ट संपत आला की इथल्या किराणा दुकानांबाहेर जाळीची लोखंडी पिंपं आडवी लावली जातात. खाली गॅसचा भडका. पोतंभर हिरवी मिरची आत ओततात आणि पिंप फिरवायला लागतात. तडतड आवाज होतो, साल फुगते, काळी पडते, सुटून जाळीतून खाली उडते. मिरची गरम असतानाच पिशवीत बांधून देतात, म्हणजे ती स्वतःच्या वाफेत मऊ पडते आणि घरी गेल्यावर उरलेली साल बोटांनी सहज निघते. तो धुरकट, जरा गोडसर वास शहरभर पसरलेला असतो. २०२३ साली राज्याच्या कायदेमंडळाने भाजलेल्या हिरव्या मिरचीच्या वासाला राज्याचा अधिकृत गंध ठरवलं. ज्यांच्या घरी वांगं किंवा मिरच्या अजूनही गॅसवर भाजल्या जातात, त्यांना यामागचं प्रेम वेगळं सांगायला नको.

नावाजलेली मिरची येते दक्षिणेच्या हॅच खोऱ्यातून, रिओ ग्रांदे नदीकाठच्या शेतांतून. ती अंड्यांवर पडते, रश्श्यात पडते, आणि बर्गरवर तर पडतेच. राज्याच्या पर्यटन खात्याने हिरव्या मिरचीच्या चीजबर्गरसाठी खास खाद्ययात्रेचा नकाशाच काढला आहे. आणि शहरात ब्लेक्स लोटाबर्गर आहे. ब्लेक चॅन्स्लर यांनी १९५२ साली अल्बुकर्कीतच सुरू केलेली साखळी. उंच टोपीवाला माणूस ही तिची खूण. ऑर्डर देताना मिरची नको असेल तर ते सांगावं लागेल, असंच वातावरण.

[दृश्य: घरातला फ्रीझर. सोललेल्या मिरचीच्या सपाट पिशव्या]

इथे एक मजेदार पेच आहे. इन-एन-आउटची सगळी शान फ्रीझर नाही यात. आणि न्यू मेक्सिकोची चव वर्षभर टिकते ती घरोघरच्या फ्रीझरमुळे. भाजलेली मिरची सोलून, पिशव्यांत भरून ठेवतात, आणि पुढचा हंगाम येईपर्यंत एकेक पिशवी निघत राहते. एकाला जे वर्ज्य, त्यावर दुसऱ्याचा वर्षाचा संसार.

मग इन-एन-आउट मिरची ठेवेल का? मागितली तर ते पिवळ्या, आंबट मिरच्या फुकट देतात. हॅचची भाजलेली मिरची यादीत नाही. आणि ही यादी हॅम्बर्गर, चीजबर्गर, डबल-डबल (दोन पॅटी, दोन चीज), फ्राइज, शेक अशी अनेक दशकं जवळपास तशीच आहे. टेक्सासात गेले म्हणून बार्बेक्यू आणलं नाही. माझा अंदाज आहे की इथेही यादी बदलणार नाही. बदलूही नये. गावोगावची चव उसनी घेत फिरणारी साखळी शेवटी स्थानिक दुकानाचाच घास घेते. आपल्या हट्टाला चिकटून राहणारी कंपनी लोटाबर्गरची जागा लोटाबर्गरलाच ठेवते. अल्बुकर्कीच्या लोकांनी तिचं मोकळ्या मनाने स्वागत करावं ते याचसाठी.

पहिल्या दिवशी रांग लागेल, पोलीस चौकात उभे राहतील, ड्रोनमधून चित्रण होईल. त्यावरून कुणीही निष्कर्ष काढू नये. त्यानंतरच्या ऑगस्टअखेरीला, पिंपं फिरायला लागली की, संध्याकाळी सहा वाजता लोटाबर्गरच्या खिडकीपाशी किती गाड्या आहेत ते मोजावं. खरा हिशेब तिथे लागेल.