रेकॉर्डिंगमधलं सभागृह आणि रिसीव्हरमधलं सभागृह

नमस्कार. बोलायला लागण्याआधी एक टाळी वाजवतो. माइक खाली ठेवतो, म्हणजे ती थेट तुमच्या कानांवर येईल. ऐका.

ऐकलीत? टाळी क्षणात संपली, पण तिच्यामागे एक शेपूट राहिलं. छताला, मागच्या भिंतीला, बाजूच्या खांबांना धडकून परत आलेला आवाज तो. घरी बैठकीच्या खोलीत हीच टाळी वाजवून बघा. पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटं तिला पिऊन टाकतात आणि ती नुसती 'टप्' करून संपते. या शेपटाला निनाद म्हणतात. आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. वॉलेस सबीन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं गणित मांडलं आणि त्या गणिताच्या आधारावर बॉस्टनचं सिंफनी हॉल १९०० साली उभं राहिलं. प्रेक्षकांनी भरलेलं असताना तिथला निनादकाल सुमारे १.९ सेकंद आहे. सामान घातलेल्या राहत्या खोलीत तो साधारण अर्धा सेकंद, बहुतेकदा त्याहूनही कमी असतो.

आजचा सगळा विषय या दोन आकड्यांमधल्या अंतराचा आहे. घरच्या रिसीव्हरच्या, म्हणजे टीव्ही आणि सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या यंत्राच्या, रिमोटवर 'हॉल', 'जॅझ क्लब', 'स्टेडियम', 'चर्च' अशी नावं असतात. ते बटण दाबलं की रिसीव्हरमधली चिप मूळ आवाजाच्या शेकडो प्रती काढते, प्रत्येक प्रत थोडी उशिराने, थोडी क्षीण करून सोडते आणि तुमच्या अर्ध्या सेकंदाच्या खोलीला दोन सेकंदांच्या सभागृहाचं रूप देऊ पाहते. हे मोड वापरावेत का, असं मला नेहमी विचारतात. या मोडांपुरतं माझं उत्तर सरळ आहे: बंद ठेवा.

कारण सांगतो. तुम्ही जे रेकॉर्डिंग लावता, त्यात सभागृह आधीच असतं. मैफलीचं रेकॉर्डिंग करणारा माणूस माइक वीतभर पुढे-मागे सरकवण्यात तास घालवतो. माइक वाद्याजवळ नेला की वाद्य जास्त आणि सभागृह कमी, मागे घेतला की उलट. स्टुडिओतल्या गाण्यातही गायकाच्या आवाजाला किती निनाद द्यायचा, तो किती लांब ठेवायचा, कोणत्या शब्दावर वाढवायचा, हे कुणीतरी कान लावून ठरवलेलं असतं. त्यावर आपला रिसीव्हर दुसरं सभागृह चढवतो. वळणदार अक्षरात लिहिलेला मजकूर कुणीतरी कागद जरासा सरकवून त्यावरच पुन्हा गिरवावा, तसं होतं. मजकूर तोच राहतो, पण वाचताना डोळे शिणतात.

एकल तबल्याचं एखादं रेकॉर्डिंग घ्या. चाटीवर पडलेल्या 'ना'ला एक धार असते, बोट उचललं गेलं हेसुद्धा कळतं. द्रुत लयीत सेकंदाला दहा आघात होत असतील, तर दोन आघातांमध्ये शंभर मिलिसेकंद असतात. त्यावर दीड-दोन सेकंदांचं शेपूट चढवलं तर काय होईल? प्रत्येक आघात आधीच्या पंधरा-वीस आघातांच्या शेपटांवर येऊन पडतो. 'तिरकिट'चे चार बोल एकमेकांत मिसळतात. पहिली दोन मिनिटं हे भव्य वाटतं, मीही ते नाकारत नाही. पण दहाव्या मिनिटाला आपण तबला ऐकतच नसतो, नुसती ती भव्यता ऐकत असतो.

या कल्पनेमागे खरं काम झालेलं आहे, तेही सांगायलाच हवं. यामाहाने १९८६ साली डीएसपी-१ नावाचं यंत्र आणलं. त्यासाठी त्यांच्या अभियंत्यांनी खऱ्याखुऱ्या नामवंत सभागृहांत जाऊन कोणतं परावर्तन कोणत्या दिशेने, किती वेळाने आणि किती जोरात येतं याची मोजमापं घेतली होती. शिवाय डाव्या-उजव्या मुख्य स्पीकरांचा आवाज जवळपास तसाच ठेवून परावर्तनं वेगळ्या चार स्पीकरांतून सोडायची, असा विचार त्यात होता. मला हा विचार मनापासून आवडतो. अगदी कोरडं, निनादच नसलेलं रेकॉर्डिंग असेल, आणि मोडच्या परिणामाची पातळी अगदी कमी ठेवली, तर असा मोड आजही सुखावतो. एक माइक आणि बंद खोली, एवढ्यावर झालेलं जुनं एकमार्गी (मोनो) ध्वनिमुद्रण घ्या. तिथे मी स्वतः कधी कधी वापरतो. पण पातळी खाली आणूनच, आणि फक्त तिथेच.

संवादांच्या बाबतीत मात्र हे मोड मला अजिबात चालत नाहीत. त्यामागे घरचा अनुभव आहे. माझ्या आईला चित्रपटातले संवाद कळेनासे झाले होते. वयामुळे कान गेले असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. कानांची तपासणी झाली, तर वयाच्या मानाने कान चांगले निघाले. तरी पडद्यावर कुणी 'सात' म्हणालं की ती 'साठ' का, असं विचारायची. शेवटी एका संध्याकाळी मी तिच्या खुर्चीत, तिच्या जागी बसून अर्धा चित्रपट पाहिला. मलाही नीट कळत नव्हतं. रिसीव्हरच्या पट्टीवर 'हॉल' लिहिलेलं होतं. कधीतरी कुणाच्या तरी हातून बटण दाबलं गेलं असणार. मोड काढून टाकला आणि आईला परत खुर्चीत बसवलं. दोन वाक्यं ऐकून ती म्हणाली, "अरे, ही माणसं आता तोंड उघडून बोलायला लागली." तोपर्यंत तिने मनोमन मान्य केलं होतं की दोष तिच्यातच आहे. ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

झालं काय होतं? शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांवरून, आणि व्यंजनं स्वरांपेक्षा दुबळी आणि आखूड असतात. आधीच्या स्वराचं शेपूट लांबलं की पुढचं 'त', 'प', 'स' त्याखाली गाडलं जातं. चित्रपटात संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून यावेत अशी रचना असते, ती नेमकी ते स्वच्छ ऐकू यावेत म्हणूनच. हॉल मोड ती सगळी मेहनत पुसून टाकतो.

आता दुसऱ्या जातीचे मोड. इथे माझं मत वेगळं आहे. डॉल्बी सराउंड, त्याआधीचं प्रो लॉजिक टू, डीटीएसचं न्यूरल एक्स हे मोड आवाजात बाहेरचं सभागृह आणून ओतत नाहीत. रेकॉर्डिंगच्या डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांत (चॅनलांत) जे आहे तेच सगळ्या स्पीकरांत वाटून देतात. वाटणी कशी होते ते बघा. डाव्या आणि उजव्या वाहिनीत जे सारखं आहे, म्हणजे साधारणपणे गायक किंवा बोलणारा, ते मधल्या स्पीकरला जातं. दोन्हींत जे वेगळं किंवा उलट कलेचं (एकीकडे लाट वर असताना दुसरीकडे खाली) आहे, ते मागच्या स्पीकरांना जातं. आणि रेकॉर्डिंगमधलं सभागृह नेमकं त्या वेगळेपणात दडलेलं असतं! भिंतींवरून आलेला आवाज दोन माइकांना कधीच एकसारखा मिळत नाही.

हे तत्त्व चिपपेक्षा जुनं आहे. डेव्हिड हॅफ्लर यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एक साधी जोडणी लोकप्रिय केली: मागच्या स्पीकरच्या दोन तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही लाल टोकांना जोडायच्या. काळ्या टोकाला काहीच नाही. मग त्या स्पीकरला दोन वाहिन्यांतला फक्त फरक मिळतो. गायक जवळजवळ नाहीसा होतो, मागून सभागृह, टाळ्या, खोकले ऐकू येतात. (आजच्या अ‍ॅम्प्लिफायरवर हा प्रयोग माहितगाराला विचारल्याशिवाय करू नका. दोन्ही काळी टोकं आतून एकच नसतील तर यंत्र बिघडू शकतं.) त्या जोडणीतून मागून आलेला तो खोकला मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. इतकी वर्षं तो त्या तबकडीत होता आणि मला ऐकू आला नव्हता.

जिम फॉसगेट यांचं प्रो लॉजिक टू २००० साली आलं, ते याच तत्त्वाचं फार सुधारलेलं रूप. त्याच्या 'म्युझिक' आणि 'मूव्ही' या दोन रूपांत तर्कशुद्ध फरक आहे. चित्रपटात संवाद मध्येच पक्का बसावा लागतो. संगीतात मात्र गायकाला एका मधल्या खोक्यात कोंडलं तर पुढचा रुंद पट आक्रसतो, म्हणून त्याला थोडं दोन्ही बाजूंना पसरू देतात. मधला स्पीकर पुढच्या दोघांपेक्षा लहान किंवा वेगळ्या बनावटीचा असेल, तर संगीतासाठी मी असा मोड लावत नाही, साधं स्टिरिओच ठेवतो. तिन्ही एका जातीचे असतील तर बिनधास्त लावून बघा.

लावून बघताना एक काळजी घ्या. मोड बदलला की आवाजाची एकूण पातळीही बदलते, आणि एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला 'मोठा' नव्हे, 'चांगला' वाटतो. म्हणून फोनवरचं आवाज मोजायचं साधं अ‍ॅप घ्या, दोन्ही मोडांत पातळी सारखी करा आणि मगच ठरवा. एवढं केलं की निम्मे आवडते मोड नावडते होतात, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

'ऑल चॅनल स्टिरिओ'बद्दल दोनच वाक्यं. सगळ्या स्पीकरांतून तेच वाजतं, त्यामुळे एका जागी बसून ऐकायला तो निरुपयोगी आहे. घरभर वावरताना मात्र उत्तम.

आणि 'नाइट' मोड. त्याच्याबद्दल लोकांना उगाच अपराधी वाटतं, जणू तो लावणं म्हणजे मूळ कलाकृतीशी बेइमानी. तसं नाही. चित्रपटाचं मिश्रण ज्या दालनात होतं, तिथे प्रत्येक मुख्य वाहिनीची शिखरं १०५ डेसिबलपर्यंत जातील अशी मोजून मांडणी केलेली असते. शेजारी झोपलेले असताना तुम्ही ती पातळी लावणार नाही. लावू नयेच. मग आवाज कमी केला की कुजबूज ऐकू येत नाही, वाढवला की स्फोट दचकवतो. हे अंतर आटोक्यात कसं आणायचं याच्या सूचना डॉल्बी डिजिटल या चित्रपटांच्या ध्वनिस्वरूपात आवाजासोबतच पाठवलेल्या असतात. नाइट मोड त्या सूचना पाळतो. आणखी एक गोष्ट: आवाज लहान केला की कानाला खर्ज सर्वांत आधी कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. त्याची भरपाई करणारी सोय तुमच्या रिसीव्हरमध्ये असेल तर हळू आवाजात ती चालू ठेवा.

मागून एक प्रश्न आला आहे: मग सगळंच बंद करून 'प्युअर डायरेक्ट' लावलं तर? नावावरून वाटतं की तेच सर्वांत शुद्ध. पण बऱ्याच रिसीव्हरांत ते बटण दाबलं की माइक लावून केलेली खोलीची दुरुस्ती, म्हणजे खोलीमुळे बिघडणाऱ्या आवाजाची भरपाईही बंद होते, आणि काहींत सबवूफर, म्हणजे खर्जाचा वेगळा स्पीकर, गप्प होतो. तुमचे पुढचे स्पीकर मोठे आणि खोली शांत असेल तर जरूर लावा. स्पीकर लहान असतील तर नुसतं 'स्टिरिओ' निवडा, म्हणजे खर्ज सबवूफरकडे जाईल आणि दुरुस्तीही चालू राहील. घरी गेल्यावर हे दोन्ही मोड एकाच गाण्यावर पाठोपाठ लावा आणि लक्ष खर्जाच्या तारेवर ठेवा. कुठलं बटण ठेवायचं ते पहिल्याच कडव्यात कळेल.