पाणवठ्यावरचा मोकळा वेळ

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘व्याघ्र प्रकल्पातील पर्यटनाचे नियोजन’, आणि वेळ दिलाय चाळीस मिनिटं. विषयावर मी येणार आहे. पण त्याआधी एका बुद्धपौर्णिमेची, झाडावरच्या मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजण्याच्या रात्रीची, गोष्ट सांगायची आहे. माझं सगळं म्हणणं त्या एका रात्रीतून, खरं तर त्या रात्रीच्या आधीच्या दुपारीतून आलंय.

मचाणावर बसलेले किती जण आहेत इथे? हात वर करा. वा, निम्मं सभागृह! म्हणजे मचाण म्हणजे काय, पौर्णिमाच का, तिथे शिंक आली तर काय करायचं, हे सांगण्यात वेळ घालवत नाही.

प्रकल्पाचं नाव सांगणार नाही, विदर्भातला आहे एवढं पुरे. मला मिळालेला पाणवठा पर्यटनाच्या रस्त्याला अगदी लागून होता. मचाणापासून पाणी तीस पावलांवर आणि पाण्यापासून रस्ता चाळीस पावलांवर. दुपारची सफारी त्या दिवशी चालू होती. सोबत एक वनमजूर होते, पन्नाशीचे, त्याच जंगलाच्या कडेच्या गावातले. त्यांना मी भाऊ म्हणत होतो, ते मला सर. पावणेचारला आम्ही वर बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी सफारी दुसऱ्या बाजूने पाहिली. तोपर्यंत मी नेहमी जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, होतो. जिप्सीत बसलेल्या माणसाला वाटतं, आपण आलो, पाच मिनिटं थांबलो, काही दिसलं नाही, निघालो. त्रास कोणाला झाला? कोणालाच नाही. मचाणावरून कळतं की एक जिप्सी निघते तेव्हा दुसरीच्या इंजिनाचा आवाज वळणावर आलेला असतो.

चार वाजून गेल्यावर पाण्याच्या पलीकडच्या जांभळीच्या जाळीत हालचाल झाली. सांबराची मादी होती, मागे पिल्लू. दुर्बिणीतून मला तिच्या गळ्यावरचा केस गेलेला लालसर चट्टा दिसत होता, कान दोन दिशांना फिरताना दिसत होते. ती चार पावलं पुढे आली. गाडी आली. ती मागे गेली. गाडी थांबली, गाईडने ओल्या मातीत वाघाचे पंजे दाखवले, फोटो झाले, गाडी गेली. ती पुन्हा पुढे. पुन्हा गाडी. मी भाऊंना खुणेनेच विचारलं, ही पाणी कधी पिणार? ते कानाशी येऊन म्हणाले, “गाड्या आहे तोपर्यंत कोनी येत नाई सर. हे रोजचंच आहे.”

रोजचंच आहे हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. हातात गणनेचा फॉर्म होता. वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लं, आला कुठून, गेला कुठे. मी समासात गाड्यांच्या वेळा लिहायला लागलो. आली चार बारा, गेली चार एकोणीस. आली चार सोळा, गेली चार पंचवीस. शेवटची गाडी सहा वाजून पाच मिनिटांनी गेली. म्हणजे पावणेचार ते सहा पाच, एकशे चाळीस मिनिटं. त्यात पाण्यावर एकही गाडी नव्हती असा वेळ एकूण एकोणीस मिनिटं. तोही सलग नाही, चार तुकड्यांत. सगळ्यात मोठा तुकडा सात मिनिटांचा.

आणि मित्रहो, त्यात एकही गाडी नियम मोडत नव्हती. कोणी ओरडलं नाही, कोणी खाली उतरलं नाही, कोणी रस्ता सोडला नाही. मला मुद्दा सापडला तो इथे.

सहा बाराला ती सांबरीण पाण्याला लागली. मी घड्याळ लावलं. मान वर केली ती दीड मिनिटाने. सांबर पाणी पिताना इतका वेळ मान खाली ठेवत नाही हो! दोन घोट, मान वर, कान फिरवले, परत दोन घोट, अशी त्याची रीत. वाघाच्या पाणवठ्यावर दीड मिनिट डोकं खाली ठेवायला लावणारी तहान कसली असेल, तुम्हीच ठरवा. मग चितळं आली, मोर आले, रात्री अस्वल, पहाटे बिबट्या. ती मजा तुम्ही सगळ्यांनी घेतलेली आहे, सोडून देतो.

सकाळी फॉर्म जमा करायला गेलो. टेबलावरच्या माणसाने समास पाहिला आणि म्हणाला, “गाड्या कशाला लिहिल्या? गाड्या काय प्राणी आहेत?” लाल पेनाने त्याने तो समास उभा कापला. त्या माणसावर माझा राग नाही. त्याच्या फॉर्मला तो रकानाच नव्हता. माझा राग रकान्यावर आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही.

आता ताडोबाकडे येऊ, कारण तिथले आकडे सर्वांच्या ओळखीचे आहेत. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. कोअर, म्हणजे आतला गाभा, सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास, बफर, म्हणजे भोवतालचा पट्टा, अकराशेच्या. मोहर्लीकडून आत जाताना डांबरी रस्त्याच्या कडेने ते दगडी खांब दिसतात ना, गोंडकाळातले? लोक ते वाघाच्या नादात बघतच नाहीत. तलावाकाठचं तारू देवाचं ठाणंही तसंच राहतं. ज्याच्या नावावरून ताडोबा, तो तारू वाघाशी झुंजताना गेला असं तिथली माणसं सांगतात. ही गोष्ट सांगणारा गाईड भेटला तर त्याला सांगू द्या, वाघ दिसावा म्हणून ‘साइटिंग, साइटिंग’ करून त्याला तोडू नका. असो.

पर्यटनाच्या नियोजनाचा आजचा पाया २०१२ मधला. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि १६ तारखेला बंदी उठली. त्या तत्त्वांनुसार कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन, आणि गाड्या किती सोडायच्या ते वहनक्षमतेच्या, म्हणजे जंगलाला किती गर्दी सोसेल याच्या, हिशेबाने. हा हिशेब मिगेल सिफुएन्तेस या अभ्यासकांच्या पद्धतीवर चालतो. ढोबळ उदाहरण देतो. धरा, रस्ता १०० किलोमीटर, दोन गाड्यांत अर्धा किलोमीटर अंतर. म्हणजे एका वेळी २०० गाड्या मावतात. दिवसाच्या फेऱ्यांनी गुणा. मग रस्त्याची धूप, प्राण्यांचा विणीचा काळ, बंद राहणारे दिवस, कर्मचाऱ्यांची कमतरता असे एकेक गुणक लावत तो आकडा खाली आणा. पद्धत प्रामाणिक आहे, मी तिचा आदर करतो. पण तिने धरून चाललेली एक गोष्ट जंगलात कधीच घडत नाही. गाड्या रस्त्यावर सारख्या अंतराने पसरत नाहीत. वाघाची चाहूल लागून वानराने एक खोकला दिला की पंधरा गाड्या एका वळणावर. गेटवर आकडा पाळला गेला, कागद स्वच्छ, आणि पाणवठ्यावर सांबरीण तहानलेली.

वर हंगामाचं बघा. मार्च-एप्रिलपर्यंत सागाची पानं झडतात, जंगल उघडं होतं, दूरवरचं दिसतं. मेमध्ये पाणी आटतं, प्राणी उरलेल्या पाण्यावर येतात. म्हणून साइटिंग होतं, म्हणून सुट्ट्यांत बुकिंग फुल्ल. ज्या आठवड्यांत जनावराला पाण्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच आठवड्यांत आपण सगळ्यात जास्त संख्येने त्याच पाण्यावर उभे! आणि कोअर विश्रांतीसाठी बंद कधी? जुलै ते सप्टेंबर, जेव्हा नाल्या-नाल्याला पाणी असतं. पावसाळ्यात रस्ते चिखलाचे होतात, बंद ठेवायलाच हवेत, त्याला माझी ना नाही. पण ती विश्रांती उन्हाळ्याची भरपाई करत नाही.

वाघालाही याचा त्रास होतो. कान्हा आणि बांधवगडमधल्या वाघांच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकं हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या संशोधकांनी तपासली. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटनाच्या काळात पातळी वाढलेली होती आणि तिचा संबंध गाड्यांच्या संख्येशी लागत होता. शिवाय ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे बछडे जिप्सींच्या मध्ये अडकले, ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेत. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. सात मिनिटं? बरं, मग मुद्द्यावरच येतो.

माझं म्हणणं असं की नियोजनाचं मोजमाप बदला. गेटमधून गाड्या किती गेल्या हे मोजाच, पण पाणवठ्याला मोकळा वेळ किती मिळाला हेही मोजा. असं जगात चालतं. युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात १९९३ पासून गोरिला दाखवतात. एका कळपाला दिवसातून एकदाच भेट, आठच माणसं, एकच तास. तिथे हिशेब रस्त्याच्या लांबीपासून सुरू होत नाही, कळपाच्या दिवसापासून होतो. आपल्या वाघाला कळप नाही, तो एका जागी बसून राहत नाही, हे मान्य. पण पाणवठा तर जागचा हलत नाही!

तेव्हा एप्रिल ते जून पर्यटन क्षेत्रातल्या निम्म्या पाणवठ्यांवर एका दिवशी गाडी थांबणार नाही, दुसऱ्या दिवशी उरलेल्या निम्म्यांवर. पुढे जा, थांबू नका, एवढंच. संध्याकाळचा शेवटचा तास सगळ्याच पाणवठ्यांना मोकळा. गाड्यांना गेटवरच वेगवेगळे मार्ग नेमून द्या आणि ते मधे बदलू देऊ नका.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. आपले कितीतरी कृत्रिम पाणवठे रस्त्यालगत आहेत, कारण पूर्वी तिथे टँकर पोचायला हवा होता. आता सौरपंप आले. जिथे सौरपंप आहे तिथे पाण्याला रस्त्याशी बांधून ठेवायचं कारणच उरलं नाही. नवे पाणवठे वाढवू नका, जागोजागी पाणी केलं की चराईचं गणित बिघडतं. आहेत त्यांतलेच काही दोनशे-तीनशे मीटर आत न्या.

गाईडचं काय? वाघ दिसला तर टीप भरघोस, नाही दिसला तर जेमतेम, असं असेल तर गाईड गाडी पाण्यावरून हलवणार कशी? त्यांना ठरलेला रोज वाढवून द्या आणि टीप एका पेटीत गोळा करून सगळ्यांत वाटा. ही पोरं गेटच्या गावांतली आहेत, सांबरीण तहानलेली त्यांनाही बघवत नाही, भाऊंना बघवत नव्हती. बफरमधल्या पायवाटा, पक्षी, मोहाच्या दिवसांतली पहाट यांवर बोलायला मला वीस मिनिटं होती, ती आता गेली.

हे मांडायचं कुठे, तर प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक सल्लागार समिती असते, तिथे. पण रिकाम्या हाताने गेलो तर कोणी ऐकणार नाही. आकडे लागतील. म्हणून मी एक कागद छापून आणलाय. तीनच रकाने आहेत, गाडी आली, गाडी गेली, मधल्या वेळात पाण्यावर कोण आलं. दाराजवळच्या टेबलावर गठ्ठा आहे. यंदा ज्यांना मचाण मिळणार आहे त्यांनी दोन-दोन न्या, गणनेच्या फॉर्मखाली ठेवा. आणि पेन नको, पेन्सिल न्या, मेमध्ये घामाने शाई पसरते.