एका जगात अनेक वर्षे: विज्ञानकथा आणि फँटसीच्या कादंबरीमालिका

जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तीन खंडांची कादंबरी म्हणून जगभर ओळखली जाते. मात्र तीन खंड ही मुळात लेखकाची योजना नव्हती. सुमारे बारा वर्षे खपून त्यांनी एकच सलग कादंबरी लिहिली होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये कागद महाग होता आणि एवढा जाडजूड ग्रंथ खपेल की नाही, याची प्रकाशकांना धास्ती होती, म्हणून तिचे तीन भाग करण्यात आले आणि ते जुलै १९५४ ते ऑक्टोबर १९५५ या काळात एकामागून एक वाचकांच्या हाती आले. साहजिकच पहिला खंड जिथे संपतो तिथे गोष्ट संपत नाही, ती नुसती थांबते. हे ठाऊक नसलेले अनेक वाचक पहिल्या खंडाअखेर निराश होऊन पुस्तक मिटतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की सुरुवातीची संथ प्रकरणे धीराने वाचावीत, तिन्ही खंड एकच पुस्तक मानून हाती घ्यावेत आणि परिशिष्टेही सोडू नयेत. टॉल्किन भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आधी भाषा रचल्या आणि त्या बोलणारी माणसे कुठेतरी राहायला हवीत म्हणून जग उभे केले. त्या परिशिष्टांत या जगाचा पाया दिसतो.

मालिका वाचायला घेणे म्हणजे आपल्या आयुष्यातले कित्येक महिने, कधी कधी काही वर्षे, एका लेखकाच्या स्वाधीन करणे होय. म्हणून मालिका निवडताना एक प्रश्न विचारणे रास्त ठरते: ही गोष्ट एवढी लांब का आहे? काही मालिका केवळ पहिला भाग खपला म्हणून लांबतात. काहींना मात्र जे सांगायचे आहे ते एका पुस्तकात मावणारच नसते. या निवेदनात ज्या मालिकांची शिफारस केली आहे, त्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

विज्ञानकथेत या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’मध्ये सापडते. असिमोव्ह अवघे एकवीस वर्षांचे असताना त्यांनी ही कल्पना संपादक जॉन कॅम्पबेल यांच्यापुढे मांडली आणि १९४२ पासून ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकात तिच्या कथा छापून येऊ लागल्या. आकाशगंगाभर पसरलेले एक साम्राज्य कोसळणार आहे, हे हॅरी सेल्डन नावाचा गणिती हिशेबाने सिद्ध करतो. कोसळणे टळणार नाही. परंतु त्यानंतरचे तीस हजार वर्षांचे अंधारयुग एक हजार वर्षांवर आणता येईल, असा त्याचा दावा असतो. वायूच्या एकेका रेणूचे पुढे काय होईल हे सांगता येत नाही, पण असंख्य रेणूंचा मिळून दाब किती असेल हे सांगता येते. त्याच न्यायाने एका माणसाचे नव्हे, पण अफाट मानवसमूहाचे भवितव्य गणिताने मांडता येईल, अशी ही कल्पना आहे. रसायनशास्त्र शिकलेल्या लेखकालाच सुचावी अशी ती आहे. एक हजार वर्षांची योजना एका नायकाच्या आयुष्यात बसत नाही, म्हणून येथे पात्रे बदलत जातात, पिढ्या सरतात आणि उरते ती केवळ योजना. दुसऱ्या खंडात तर गणिताने गृहीतच न धरलेला एक माणूस अवतरतो आणि सारा हिशेब विस्कटतो. मालिकेतला सर्वांत थरारक भाग हाच आहे.

या पुस्तकांत उणिवाही आहेत. पात्रे बोलतात फार आणि जाणवतात कमी. सुरुवातीच्या कथांमध्ये स्त्रिया जवळजवळ नाहीतच. तरीही १९५१ ते १९५३ या काळात पुस्तकरूपाने आलेले पहिले तीन खंड वाचलेच पाहिजेत. १९८२ पासून असिमोव्ह यांनी पुन्हा या विश्वात येऊन लिहिलेले खंड मात्र आवड निर्माण झाली असेल तरच वाचावेत.

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’चा उगम वाळूत आहे. अमेरिकेतील ओरेगॉनच्या किनाऱ्यावर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्यांना गवत लावून थोपवण्याचे काम चालले होते. त्यावर लेख लिहायचा म्हणून हर्बर्ट माहिती गोळा करू लागले आणि त्या अभ्यासातून पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा एक वाळवंटी ग्रह आकाराला आला. वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारलेली ही कादंबरी अखेर १९६५ मध्ये चिल्टन या, मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या, संस्थेने छापली. पुष्कळ वाचक पहिले पुस्तक वाचून तिथेच थांबतात आणि एका तरुण नेत्याच्या विजयाची गोष्ट वाचल्याचे समाधान मानतात. ते अर्धेच वाचन आहे. १९६९ मध्ये आलेला ‘ड्यून मसाया’ हा छोटेखानी दुसरा भाग त्याच विजयाची किंमत मोजून दाखवतो. लोकांनी एखाद्या नायकावर डोळे मिटून विश्वास ठेवला तर काय घडते, हेच हर्बर्ट यांना सांगायचे होते आणि ते दुसऱ्या भागावाचून उमगत नाही. म्हणून ही दोन पुस्तके नेहमी जोडीने वाचावीत. हर्बर्ट यांनी एकूण सहा भाग लिहिले. तिसऱ्यानंतरची वाट अवघड आहे आणि ती प्रत्येकाने चाललीच पाहिजे असे नाही.

अलीकडच्या काळातील दोन त्रयींचा उल्लेख टाळता येणार नाही. चिनी लेखक लिऊ त्सशिन यांची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’पासून सुरू होणारी मालिका सांस्कृतिक क्रांतीच्या हिंसेत आपल्या वडिलांचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहणाऱ्या एका मुलीपासून सुरू होते. मूळ चिनी पुस्तकात हा प्रसंग मध्यावर ठेवलेला होता; केन लिऊ यांनी केलेल्या २०१४ च्या इंग्रजी अनुवादात तो आरंभी आला, आणि लेखकाला मुळात हवा होता तो क्रमही हाच. २०१५ मध्ये या अनुवादाला सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्युगो हा विज्ञानकथा-फँटसीतला मानाचा पुरस्कार मिळाला. प्रत्येक खंडागणिक येथे काळाची पट्टी ताणली जाते. पहिला खंड काही दशकांत घडतो, दुसरा शतकांत, तर तिसऱ्यात वाचक कोट्यवधी वर्षे ओलांडून जातो. एका मुलीच्या मनातील कडवटपणा कुठवर पोहोचतो, हे दाखवायला एवढे अंतर आवश्यकच होते. माणसे समजून घेण्यासाठी वाचणाऱ्यांना ही मालिका काहीशी कोरडी वाटेल; कल्पनेची झेप पाहायची असेल, तर मात्र हिच्या तोडीचे फार थोडे सापडेल.

एन. के. जेमिसिन यांची ‘ब्रोकन अर्थ’ त्रयी नेमकी याउलट, एका आईच्या दुःखाला चिकटून चालते. भूकंपांनी सतत हादरणाऱ्या एका खंडावर ही गोष्ट घडते. जमिनीतील ऊर्जा आवरू शकणारी काही माणसे तेथे जन्माला येतात. समाज त्यांच्याच बळावर जगतो आणि त्यांनाच गुलाम करून ठेवतो. कथेचा एक धागा ‘तू’ असे संबोधून सांगितलेला आहे. सुरुवातीला ही रीत खटकते, परंतु ती हौस म्हणून वापरलेली नाही. तिचे कारण पुढे कळते आणि ते कळल्यावर मागची पाने पुन्हा उघडावीशी वाटतात. २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे या तीन खंडांना सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्युगो मिळाला. त्यापूर्वी कोणत्याही त्रयीच्या तिन्ही खंडांना तो मिळाला नव्हता.

अतिदीर्घ मालिकांबद्दल वाचकाला आधीच सावध करणे योग्य ठरेल. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘व्हील ऑफ टाइम’ चौदा खंडांची आहे. २००७ मध्ये जॉर्डन यांचे निधन झाले, तेव्हा ती अपुरी होती. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅक्डूगल यांनी ब्रँडन सँडरसन यांची निवड केली आणि जॉर्डन यांच्या टिपणांच्या आधारे शेवटचे तीन खंड २०१३ पर्यंत पूर्ण झाले. मधल्या काही खंडांत कथा रेंगाळते, हे या मालिकेवर प्रेम करणारेही मान्य करतात. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि त्यापुढच्या खंडासाठी वाचकांना वर्षानुवर्षे ताटकळावे लागले आहे. ज्यांना शेवट हवाच असतो त्यांनी येथे जपून पाऊल टाकावे. पहिले तीन खंड मात्र, मालिका अपुरी असली तरी, राजकारणाच्या चित्रणासाठी वाचले तर वाया जात नाहीत.

ज्यांना इतके बांधून घ्यायचे नाही, त्यांच्यासाठी टेरी प्रॅचेट यांची ‘डिस्कवर्ल्ड’ आहे. १९८३ ते २०१५ या काळात आलेल्या हिच्या एकेचाळीस कादंबऱ्यांपैकी बहुतेक स्वतंत्रपणे वाचता येतात. पहिल्यापासून क्रमाने वाचण्याचा हट्ट येथे धरू नये, कारण सुरुवातीच्या पुस्तकांत लेखक अजून स्वतःचा सूर शोधत होते. ‘गार्ड्‌स! गार्ड्‌स!’ किंवा ‘स्मॉल गॉड्‌स’पासून आरंभ केल्यास त्यांच्या विनोदामागचा न्यायाविषयीचा संताप लगेच जाणवतो.

शेवटची शिफारस सर्वांत जिव्हाळ्याची आहे. ती म्हणजे ‘अर्थसी’ ही मालिका. समुद्रात विखुरलेली शेकडो बेटे आणि त्यांच्यामध्ये फिरणारी लहान लहान गलबते, असे हे जग आहे. ते उभे करताना लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी आधी त्याचा नकाशा काढला. १९६८ मध्ये आलेल्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या पहिल्या पुस्तकात गेड नावाचा मुलगा जादू शिकतो. प्रत्येक वस्तूचे आणि प्रत्येक जिवाचे एक खरे नाव असते आणि ज्याला ते ठाऊक असते त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते, हा या जगाचा नियम आहे. गेड आपल्या गर्वापायी एक काळी सावली मोकळी सोडतो आणि मग तिच्यापासून पळत राहतो. हे पुस्तक दोनशे पानांच्या आसपासचे आहे आणि त्यात एकही युद्ध नाही. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे, हे मजकुरात स्पष्ट लिहिलेले असूनही प्रकाशकांनी मुखपृष्ठांवर त्याला वारंवार गोरा रंगवला, याची खंत ले ग्विन यांनी जाहीरपणे मांडली होती.

१९७२ पर्यंत आणखी दोन पुस्तके आली आणि त्रयी पूर्ण झाली, असे सर्वांनीच मानले. लेखिकेला मात्र आपल्याच जगातले काही स्वस्थ बसू देईना. या जगात जादूची शाळा केवळ पुरुषांसाठी होती. स्त्रियांची जादू दुबळी असते आणि दुष्टही असते, अशा अर्थाच्या म्हणी पहिल्या पुस्तकात सहजपणे येऊन गेल्या होत्या आणि त्या कोणी तपासल्या नव्हत्या. अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ले ग्विन यांनी ‘तेहानू’ लिहिले. त्याच्या केंद्रस्थानी एक मध्यमवयीन शेतकरी विधवा आणि आगीत होरपळवलेली एक मुलगी आहे. राजवाडे आणि महाजादूगार दूर राहतात. चूल, शेळ्या, कपडे धुणे आणि दाराबाहेरची भीती समोर येते. आधीच्या पुस्तकांवर जीव लावलेल्या काही वाचकांना हे रुचले नाही. परंतु लेखकाने आपण रचलेल्या जगातला अन्याय स्वतः ओळखावा, तो पुसून न टाकता त्याच जमिनीवर परत जाऊन त्याला सामोरे जावे, हे साहित्यात फार क्वचित घडते. एका पुस्तकात हे शक्य नव्हते. त्यासाठी तीन पुस्तके आधी लिहून झालेली असणे आणि लेखिकेचे वय वाढलेले असणे, दोन्ही गरजेचे होते.

‘तेहानू’च्या मुखपृष्ठावर ‘अर्थसीचे शेवटचे पुस्तक’ असे छापलेले होते. ते खरे ठरले नाही, कारण २००१ मध्ये आणखी दोन पुस्तके आली. ही सहाही पुस्तके प्रकाशनाच्या क्रमानेच वाचावीत आणि तिसऱ्या व चौथ्या पुस्तकाच्या मध्ये शक्य असल्यास थोडा काळ जाऊ द्यावा. जानेवारी २०१८ मध्ये ले ग्विन यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांची ‘फायरलाइट’ ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. तिच्यात पन्नास वर्षांपूर्वीचा तो मुलगा गेड आता अगदी म्हातारा झालेला आहे आणि विस्तवाच्या उजेडात पडल्या पडल्या आपल्या जुन्या होडीची आठवण काढतो आहे.